आधी श्वास सोडायचा

चोडण (गोवा), ऑक्टोबर. मंगळवार, रात्री साडेनऊ

संध्याकाळी तांदूळ निवडत बसले होते तेव्हा शेजारच्या ख्रिश्चन लोकांचा तेर्स, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, सुरू झाला. ऑक्टोबर हा त्यांचा तेर्साचा महिना. दिवेलागण झाली की आजूबाजूची सगळी खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, जमतात. 'नमान मोरिये', म्हणजे कोकणीतली आवे मारिया, एकीने म्हणायला घ्यायचं आणि निम्म्यावरून बाकीच्यांनी उचलायचं. असं पन्नास वेळा. लहानपणापासून कानावर पडतंय, पण आज पहिल्यांदाच मी त्यात श्वास ऐकला. एका बाजूचे शब्द चालू असताना दुसरी बाजू गप्प असते, आणि त्या गप्प असण्यात छाती भरून घेते. सूप मांडीवर तसंच ठेवून मी घड्याळाकडे बघत बसले.

आजचं हे लिहून ठेवायला हवं, कारण पाच महिने श्वासाबद्दल मी जे शिकतेय ते आज भिंतीपलीकडून ऐकू आलं.

मे महिन्यात प्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. घरी आल्यावर घाबरून मी मोबाइलवर बघून कपालभाती सुरू केली. जितकी जोरात तितकी चांगली, असं मनाशी धरलेलं. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली, बोटांना मुंग्या आल्या, ओट्याला धरून उभी राहिले. भराभर श्वास फेकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त निघून जातो आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, हे नंतर कळलं. आणि ज्याचं प्रेशर वाढलेलं आहे त्याने तर या वाटेला जाऊच नये. हठयोगात कपालभाती प्राणायामात धरलेलीच नाही. धौती, बस्ती, नेती यांच्या पंगतीतली, षट्कर्मांतली ती एक शुद्धिक्रिया आहे. हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून इथे ठळक लिहून ठेवते.

पणजीत आमच्या योगाच्या बाई भेटल्या त्या त्यानंतर. लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकलेल्या. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ती संस्था काढली आणि योगक्रिया करणाऱ्या माणसांना क्ष-किरण यंत्रापुढे बसवून आत काय घडतं ते पाहिलं, हे सांगताना बाईंचा आवाज अजूनही चढतो. त्यांची शिकवण मात्र अगदी साधी. पहिल्या दिवशी मी छाती फुगवून भला मोठा श्वास घेतला, तर म्हणाल्या, "भरायची एवढी घाई कशाला? घागर आधी रिकामी कर. आधी सोड." पूरक म्हणजे श्वास घेणं, कुंभक म्हणजे रोखणं, रेचक म्हणजे सोडणं, यांतला कुंभक त्यांनी मला अजून करू दिलेला नाही. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, नाकाने, आवाज न करता. एवढंच. चार आणि सहा मिळून दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो.

सोडण्यावर एवढा भर का, ते बाईंनी मनगटावर दाखवलं. नाडीवर बोटं ठेवून संथ श्वास घेतला की ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांब लांब पडतात. वाचणाऱ्याने आत्ता करून पाहावं. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या नसेचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो, म्हणून असं होतं. मला हे बोटांखाली जाणवलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. सेहेचाळीस वर्षं हे शरीर माझ्याजवळ आहे आणि त्याची ही एवढी उघड गोष्ट मला माहीत नव्हती.

सराव मी फेरीबोटीवर करते. घरात जमत नाही, कुकरची शिट्टी, पाण्याची वेळ, सासूबाईंचं औषध. रायबंदरला जाणाऱ्या फेरीत मात्र कोणी मला हाक मारत नाही. स्कूटरी एकमेकींना खेटून उभ्या, इंजिनाची थरथर पायांतून वर येते, आणि मी कठड्याला धरून मांडवीकडे बघत आकडे मोजते. मन पळतंच. कचेरीतल्या फायलीकडे, लेकीच्या फीकडे. पळालं की परत सहापर्यंत मोजायला आणायचं, त्याला रागवायचं नाही. कधी डावी नाकपुडी बंद असते, कधी उजवी. आळीपाळीने काही तासांनी ती बदलतेच, त्यात सर्दी-पडसं काही नाही. पूर्वी मी लगेच बाम शोधायची.

धक्क्याकडे जाताना खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधावरून मानस दिसते, पाण्याचं झडपेचं दार. ओहोटीला आतलं पाणी दार लोटून बाहेर पडतं, भरतीला नदीचं पाणीच दाबून ते मिटवतं. दाराला कोणी हात लावत नाही. श्वास सोडल्यावर पुढचा आपणहून आत येतो, तो ओढायचा नसतो, हे मला बाईंच्या शब्दांपेक्षा या दारामुळे जास्त समजलं.

आता आजचं. बाईंनी मागे एकदा सांगितलेलं, इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम, २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेलं. तेवीस निरोगी माणसांकडून त्यांनी लॅटिनमधली आवे मारिया म्हणवून घेतली आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्रही. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातली यंत्रणा जास्त तरतरीत झाली. तेव्हा नुसती मान डोलावली होती. आज शेजारच्या तेर्सात घड्याळ लावून बघितलं. त्यांचं कोकणीतलं, लॅटिनपेक्षा जरा घाईचं, पण चाल तीच, सोडणं आणि थांबणं. मग बाबांची आठवण आली. देवळातल्या भजनाला टाळ घेऊन जायचे. अभंगाचा एक चरण एका दमात, मग झिलकऱ्यांनी तोच चरण घ्यायचा, तेवढ्यात बाबांची छाती भरायची. चतुर्थीच्या आरत्यांनंतर घामाने निथळत असायचे आणि चेहरा मात्र निवांत. ते काय होतं ते आता कळतंय, आणि सांगायला बाबा नाहीत.

गोळी चालू आहे आणि चालूच राहणार. गेल्या महिन्यात प्रेशर थोडं उतरलं, त्यात गोळीचा वाटा किती आणि श्वासाचा किती, हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. रात्री झोप लागते. लेकीवर ओरडायच्या आधी एक सहा आकडे मिळतात. माझ्यासाठी ते फार आहे.

तेर्स संपल्यावर शेजारची मांय वाटीत उकडलेले चणे घेऊन आली. ऐंशीच्या घरातली, आवाज अजून खणखणीत. मी एकदम सगळं सांगायला लागले, इटली, मिनिटाला सहा, बाबांचं भजन, तशी तिने माझा हात धरला. "उस्वास सोड गो बाय, मागीर उलय." श्वास सोड, मग बोल. मग मी हळूच विचारलं, या वयात पन्नास वेळा म्हणताना दम लागत नाही का?

"कित्याक लागतलो?" ती म्हणाली. "हांव सोडटां थंय बाकीचीं धरतात." मी सोडते तिथे बाकीचे धरतात.

चणे अजून कोमट होते. दोघी पायरीवर बसून खाल्ले. तांदूळ तसेच सुपात राहिलेत, सकाळी निवडीन.