रुग्णालयाच्या धुलाई विभागातून : रक्तजन्य संसर्ग प्रतिबंध प्रशिक्षणाचा माझा अनुभव

रुग्णालयाच्या धुलाई विभागात पर्यवेक्षक म्हणून रुजू झाल्यावर, रक्तातून पसरणाऱ्या संसर्गांपासून बचाव करण्याचे प्रशिक्षण सक्तीचे असल्याचे पत्र माझ्या हाती आले, तेव्हा हा प्रकार डॉक्टर आणि परिचारिकांसाठी असून आपल्याला केवळ हजेरीपुरते बसवतील, असे माझ्या विभागातील बहुतेकांचे मत होते. ते मत निराधार नव्हते. आधीच्या वर्षांत धुलाई, सफाई आणि कचरा उचलण्याचे काम करणाऱ्यांना सभागृहाच्या मागच्या रांगांत बसवून, शेवटी सह्या घेऊन सोडून देत असत, असे जुन्या कर्मचाऱ्यांकडून ऐकले होते. या वेळी मात्र संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणाऱ्या सिस्टरांनी कामाच्या स्वरूपानुसार गट पाडले आणि आमच्या गटाचे प्रशिक्षण आमच्याच विभागात, मळक्या कपड्यांच्या पिशव्यांशेजारी घेतले. पहिल्याच वाक्यात त्यांनी मुद्द्याला हात घातला : सुई वापरणारा माणूस आणि ती टोचून घेणारा माणूस पुष्कळदा वेगवेगळे असतात. शस्त्रक्रियागृहात हिरव्या चादरीत राहून गेलेली सुई तिथे कोणालाच टोचत नाही. ती टोचते ती पिशवी रिकामी करणाऱ्याला.

प्रशिक्षणाची सुरुवात लसीपासून झाली. हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या लसीचे तीन डोस असतात; पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. एक डोस घेतला म्हणजे काम झाले, असे समजून पुढचे डोस सोडून दिलेले आमच्यात काही जण निघाले. लसीमुळेच कावीळ होईल, अशी धास्ती असणारेही होते. त्यांना सिस्टरांनी समजावून सांगितले की 1986 पासून वापरात आलेली ही लस यीस्टमध्ये तयार केलेल्या, विषाणूच्या केवळ बाह्य आवरणातील प्रथिनाची असते. तिच्यात विषाणूच नसल्यामुळे तिच्यापासून हा आजार होणे शक्य नाही. लस नाकारण्याचाही अर्ज होता आणि नंतर मत बदलल्यास लस मिळेल, असे त्यावर स्पष्ट लिहिले होते. माझ्या मते ही तरतूद योग्य आहे, कारण दडपणाखाली पहिला डोस घेतलेला माणूस तिसऱ्या डोसाला फिरकत नाही.

त्यानंतर विषाणूंची माहिती झाली. पडद्यावर दाखवलेल्या विषाणूंच्या रंगीत चित्रांचा कोणाला काही उपयोग झाला असेल, असे मला वाटत नाही. आकड्यांचा मात्र झाला. बाधित रक्ताची सुई टोचल्यास लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सीची सुमारे 3 टक्के आणि एचआयव्हीची सुमारे 0.3 टक्के, असे ढोबळ प्रमाण सांगितले जाते. सीच्या बाबतीत अलीकडच्या पाहण्यांत ते याहून बरेच कमी आढळले आहे. आमच्या लोकांना सगळी भीती एचआयव्हीची होती आणि ज्यावर लस उपलब्ध आहे त्या हिपॅटायटिस बीचे नावही काहींनी नीट ऐकलेले नव्हते. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस टिकून राहू शकतो, हे कळल्यावर पिशव्यांवरच्या जुन्या तपकिरी डागांकडे पाहण्याची सर्वांची दृष्टी बदलली. दुसऱ्या बाजूने, घाम, अश्रू किंवा लघवी यांत रक्त मिसळलेले दिसत नसेल तर त्यांच्यापासून या तीन आजारांची धास्ती घेण्याचे कारण नाही, हेही तितकेच ठामपणे सांगितले गेले. रोज शेकडो ओल्या चादरी हाताळणाऱ्या माणसाला हा दिलासा आवश्यक असतो, कारण सगळ्याच गोष्टींची भीती बाळगणारा माणूस काही दिवसांनी कशाचीच भीती बाळगेनासा होतो.

चर्चेत आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारले की बाधित रुग्णांच्या कपड्यांच्या गाठोड्यावर निराळी खूण केली तर काम सोपे होणार नाही का. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 1987 मध्येच प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य मानूनच काम करावे, अशी शिफारस केली होती आणि आजची पद्धत त्याच विचारावर उभी आहे. रुग्णाला बाधा आहे की नाही हे अनेकदा त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. मग खूण कोण करणार? शिवाय खूण केलेले गाठोडे सांभाळून उचलले जाते आणि खूण नसलेल्यात बेधडक हात घातला जातो, हा त्यातला खरा धोका आहे. या उत्तराने त्या सहकाऱ्याचे समाधान झाले नाही, पण हातमोजे सर्वच गाठोड्यांसाठी वापरायचे हे त्यांनी मान्य केले.

प्रात्यक्षिकांत कपडे हाताळण्याचा भाग आमच्या कामाचा होता. चादर झटकायची नाही; कडांकडून आत गुंडाळत न्यायची, म्हणजे मळका भाग मध्ये राहतो. गाठोडे छातीशी धरायचे नाही आणि पिशवीत जागा करण्यासाठी हाताने दाबायचे नाही. सुई सापडली तर ती बोटांनी उचलायची नाही, चिमट्याने उचलायची, आणि सुई घेऊन सुया टाकण्याच्या डब्यापर्यंत चालत जाण्याऐवजी डबा सुईपर्यंत आणायचा. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. सांडलेले रक्त शोषक कागदाने झाकून त्यावर हायपोक्लोराइटचे द्रावण ओतणे आणि ठरलेला वेळ थांबणे हा भाग सफाई कर्मचाऱ्यांना आधीच पाठ होता. द्रावण रोज ताजे करावे लागते, एवढेच त्यांतल्या काहींना नवीन होते.

हातमोजे काढण्याच्या प्रात्यक्षिकाला मात्र अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. सिस्टरांनी प्रत्येकाच्या हातमोज्यांना लाल रंग फासला आणि ते काढायला सांगितले. मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून पहिला मोजा उलटा करत काढायचा, तो दुसऱ्या हाताच्या मुठीत ठेवायचा आणि उघड्या हाताचे बोट दुसऱ्या मोज्याच्या आतल्या बाजूने सरकवून तोही उलटा करायचा. सांगायला सोपे आहे, पण पहिल्या फेरीत बहुतेकांच्या मनगटांवर लाल रेघा उमटल्या. हातमोजे काढल्यानंतरही हात का धुवायचे, याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही.

सर्वांत महत्त्वाचा भाग सुई टोचल्यानंतरच्या पहिल्या तासाचा होता. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. पिळायची नाही, बोट तोंडात घालायचे नाही आणि ब्लीच लावायचे नाही. डोळ्यांत रक्त उडाल्यास ते भरपूर पाण्याने धुवायचे. लगेच वरिष्ठांना कळवायचे आणि तातडीच्या विभागात जायचे, कारण एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे जितक्या लवकर, शक्यतो काही तासांतच, सुरू होतील तितकी चांगली. 72 तासांनंतर ती सहसा दिली जात नाहीत आणि सुरू केल्यावर 28 दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्याला लस आणि गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्ध तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) दिले जाते, तेही शक्यतो 24 तासांत. हिपॅटायटिस सीसाठी असे प्रतिबंधक औषध नाही. मात्र वेळोवेळी तपासणी करून संसर्ग आढळलाच, तर आता गोळ्यांच्या 8 ते 12 आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

इथे मी आमच्या विभागाचा प्रश्न मांडला : वॉर्डात सुई टोचली तर रुग्ण समोर असतो आणि त्याच्या संमतीने त्याचे रक्त तपासता येते, पण पिशवीतून निघालेली सुई कोणाची हे कसे कळणार? ती सुईच तपासायला पाठवावी, असे आमच्यातील काहींना वाटत होते. तसे करत नाहीत. सुईवरील अंशाच्या तपासणीवर विसंबता येत नाही आणि ती हाताळणाऱ्यालाच पुन्हा धोका होतो. पिशवी कोणत्या विभागातून आली आणि तिथे कोणत्या प्रकारचे रुग्ण असतात, यावरून डॉक्टर निर्णय घेतात. म्हणजे पिशवीवर वॉर्डाचे नाव नसेल, तर डॉक्टरांच्या हातात काहीच उरत नाही. आमच्याकडे निम्म्या पिशव्या बिननावाच्या येत असत. प्रशिक्षणानंतर मी लेखी पत्र दिले आणि नाव नसलेली पिशवी स्वीकारायची नाही, असा नियम बऱ्याच कुरबुरीनंतर झाला.

कंत्राटी कामगारांची अडचण त्याहून अवघड होती. सुई टोचल्याचे सांगितले तर कामावरून काढतील आणि औषधांचा खर्च आपल्यावर पडेल, या भीतीने ते गप्प राहतात, असे त्यांच्यापैकी एकाने सर्वांसमोर सांगितले. सिस्टरांनी तोंडी आश्वासन दिले, पण तोंडी आश्वासन रात्रपाळीच्या माणसाच्या कामी येत नाही. तपासण्या आणि औषधे सर्वांना मोफत, नोंद गोपनीय, आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे तिन्ही मुद्दे असलेला लेखी फलक आम्ही मागून घेतला. त्यानंतर नोंदवहीतील नोंदी वाढल्या. व्यवस्थापनाच्या बैठकीत यावरून अपघात वाढल्याचा सूर निघाला, तेव्हा पूर्वी लपवले जाणारे अपघात आता नोंदले जात असल्याचे मला नोंदवही समोर ठेवून समजवावे लागले.

लसीचा तिसरा डोस झाल्यानंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी होते आणि दर मिलिलिटरमागे 10 मिली-आंतरराष्ट्रीय एकके किंवा त्याहून अधिक पातळी आली तर संरक्षण मिळाले, असे मानतात. माझी पातळी पुरेशी आली. विभागातील एका सहकाऱ्याची आली नाही; अशा व्यक्तीला तीन डोसांची मालिका पुन्हा द्यायची असते आणि त्यानुसार त्याची दुसरी मालिका सुरू झाली आहे. तिचा निकाल येईपर्यंत त्याला सुई टोचल्यास इम्युनोग्लोब्युलिनचा विचार करावा, अशी नोंद तातडीच्या विभागाकडे देऊन ठेवली आहे आणि तोवर पिशव्या उघडण्याऐवजी त्याला धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालण्याचे काम दिले आहे.