झिजलेला इन्सर्ट चिप्समध्ये टाकू नका

लेथवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: कार्बाइडचे, म्हणजे कोबाल्टने बांधलेल्या टंगस्टन-कार्बनच्या कठीण कणांचे, झिजलेले इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचे कापणारे तुकडे) लोखंडाच्या चिप्समध्ये (कापताना निघणाऱ्या किसात) मिसळू देऊ नका. नखाएवढा तुकडा, पण तळहातावर घेतला की जड लागतो. त्यातल्या टंगस्टनची घनता जवळपास सोन्याइतकी. धार गेलेली असते, धातू तसाच शिल्लक असतो.

खाणींतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी सुमारे ८० टक्के एकट्या चीनचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या अनेक पदार्थांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. आपल्या भंगाराच्या डब्याकडे मी तेव्हापासून खाणीसारखंच बघतो.

झिजलेल्या तुकड्यांतून कार्बाइड परत मिळवण्याच्या पद्धतींत मला जस्ताची पद्धत सर्वांत आवडते. सुमारे ९०० अंशांना वितळलेलं जस्त कोबाल्टच्या बंधात शिरतं आणि तुकडा आतून फुगतो. मग निर्वातात जस्त उडवून लावतात. उरतो ठिसूळ, सच्छिद्र गोळा. तो दळला की पुन्हा टूल घडवण्याजोगी पावडर तयार. मात्र या पद्धतीत शुद्धीकरण होत नाही, जे आत गेलं तेच बाहेर येतं. म्हणून ब्रेझिंगच्या टिपा (दुसरा धातू वितळवून टूलला जोडलेले कार्बाइडचे तुकडे) आणि सॉलिड कार्बाइडची ड्रिल्स मी वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो, आणि शिफ्ट बदलताना नव्या पोरांनाही तेच बजावतो.