अंगठ्याला लागलेले कुंकू

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या लहानशा व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) केंद्रात येणाऱ्या रुग्णांच्या मागण्या बहुधा घरगुती असतात. कोणाला अर्धांगवायूनंतर सदऱ्याची बटणे लावायची असतात, कोणाला पोळी लाटायची असते, तर कोणाला लोकलच्या दांड्याला पुन्हा हात घालायचा असतो. त्यामुळे गेल्या वर्षी फेब्रुवारीतील एका सकाळी साठी ओलांडलेले एक गृहस्थ समोर बसले आणि फोनवर तीन क्रॉसबोंची चित्रे दाखवून "यांतला माझ्या खांद्याला कोणता झेपेल तेवढे सांगा," असे म्हणाले, तेव्हा मी आधी त्यांच्याकडे आणि मग त्यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या बहिणीकडे पाहिले. बहिणीने पाचपाखाडीपासून तोपर्यंत दाबून ठेवलेला सुस्कारा सोडला.

काका तीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतात आणि दर हिवाळ्याच्या अखेरीस दोन-अडीच महिने बहिणीकडे येतात. ओहायोत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि तिथल्या एका सहकाऱ्याच्या नादाने काकांना त्याची गोडी लागली होती. चौदा महिन्यांपूर्वी उजव्या खांद्याच्या फाटलेल्या स्नायुबंधांवर शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना साठ पौंड ताणाचे, टोकांना कप्प्या असलेले कंपाउंड धनुष्य ओढता येत नव्हते आणि आधीचा हंगाम पूर्ण हुकला होता. डाव्या हाताचे दुखणे वेगळे होते. मधुमेह, मनगटात दबलेली नस आणि उशिरा झालेली शस्त्रक्रिया यांमुळे अंगठा व शेजारच्या दोन बोटांची बधिरता तशीच राहिली होती. मात्र त्यांनी सांगितला तो फक्त खांदा. डावा हात मी त्यांच्या कागदपत्रांत वाचला.

आधी मला क्रॉसबो समजून घ्यावा लागला. बंदुकीसारख्या दस्त्याच्या पुढच्या टोकाला आडवे बसवलेले धनुष्य, अशी त्याची रचना असते. दोरी एकदाच मागे ओढून खाचेत अडकवायची, पुढच्या पन्हळीत आखूड बाण ठेवायचा आणि वेळ आली की घोडा ओढायचा. साध्या धनुष्यात नेम धरेपर्यंत दोरीचा ताण हातांनी पेलावा लागतो, तर इथे तो यंत्र पेलते. म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांत पूर्वी धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो वापरण्याची मुभा फक्त डॉक्टरांचा दाखला असलेल्या अपंग शिकाऱ्यांना होती. पुढे बऱ्याच ठिकाणी ती सर्वांना खुली झाली. क्रॉसबो म्हणजे अधू हातांचे धनुष्य, ही काकांची समजूत त्यामुळे अगदीच चुकीची नव्हती. ती अपुरी होती, हे त्या दिवशी दुपारपर्यंत आम्हा दोघांनाही कळले.

शिकारीबद्दल माझे मत मी लपवून ठेवले नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या मला हरीण पाहायचेच ठाऊक आहे, आणि कोणी मारण्याचे साधन निवडायला माझ्याकडे यावे हे मला रुचलेही नाही. परंतु काका ते साधन इथे आणणार नव्हते. ओहायोतच विकत घेऊन, तिथल्या परवान्यानुसार, ठरवून दिलेल्या संख्येच्या आत ते वापरणार होते. शिवाय आमच्या व्यवसायाचे मूळच असे आहे की माणसाला काय करावेसे वाटावे हे उपचारकाने ठरवायचे नसते. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. त्या परंपरेत शिकलेल्या मला तिकडच्या एका छंदाची अडचण इथे ठाण्यात सोडवावी लागत होती, याची गंमतही वाटली. मी एकच अट घातली. हात तपासल्यावर "हे करू नका" असे म्हणायची वेळ आली, तर मी ते म्हणेन आणि काकांनी ते ऐकून घ्यावे.

"म्हणाच तुम्ही," बहिणीने लगेच सांगितले.

काकांनी तिन्ही क्रॉसबो वेगावरून निवडले होते आणि त्यांतील दोन सेकंदाला चारशे फुटांच्या पुढचे होते. वेग फुकट मिळत नाही, तो दोरीच्या ताणातून आणि दोरी किती लांब ओढली जाते यातून येतो. शिकारीच्या क्रॉसबोचा ताण साधारण दीडशे ते दोनशे पौंड असतो. एकशे पंचाहत्तर पौंड धरले तरी ते जवळजवळ ८० किलो झाले. नुसत्या हातांनी एवढे ओढणे धडधाकट माणसालाही जड जाते, म्हणून आकडे आणि लहान कप्प्या असलेली एक जाड दोरी वापरतात. दस्त्याच्या पुढची रिकीब पायाखाली दाबायची आणि दोरीच्या दोन मुठी वर खेचायच्या. कप्पीमुळे जोर निम्मा होतो आणि तो दोन हातांत वाटला की प्रत्येक हाताच्या वाट्याला २० किलो येतात. कागदावर हे सोपे दिसते आणि विक्रीच्या चित्रफितींत तर फारच सोपे दिसते.

आम्ही ते करून पाहिले. विमानप्रवासाचे सामान तोलण्याचा काटा एका पट्ट्याला बांधला, पट्टा काकांच्या बुटाखाली दाबला आणि एकेका हाताने मूठ वर ओढायला सांगितले. डाव्या हाताने त्यांनी १८ किलोंपर्यंत ओढले. उजव्या हाताने ८ किलोंवर त्यांचा चेहरा बदलला आणि मी तिथेच थांबवले. आकड्यापेक्षा मला खटकली ती हालचाल. मुठी छातीकडे आणताना कोपरे बाजूंना वर उचलली जातात आणि दंड आत वळतो. शिवलेले स्नायुबंध हाडाच्या कमानीखाली चेंगरण्यासाठी यापेक्षा सोयीची हालचाल शोधूनही सापडणार नाही. त्यातच एक हात जोरात आणि दुसरा हळू ओढला गेला तर दोरी मधोमध अडकत नाही आणि बाण एका अंगाला जातो. म्हणजे वेदना सोसून ओढले तरी नेम बिघडणार होता. तिघांपैकी केवळ त्या जाड दोरीने ताणला जाणारा, काकांचा सर्वांत आवडता क्रॉसबो अशा रीतीने यादीतून गेला.

उरलेल्या दोघांना चरखी होती. विहिरीच्या रहाटासारखे हँडल फिरवत दोरी मागे घ्यायची. वेळ लागतो, पण जोर काही किलोंवर येतो, आणि मुख्य म्हणजे कोपर अंगालगत ठेवून, खुर्चीवर बसून हे काम करता येते. मी त्यांना टेबलाला लावलेले व्यायामाचे हँडल पाच मिनिटे फिरवायला लावले आणि खांद्याने तक्रार केली नाही. इथेच थांबले असते तर मीही समाधानाने चिठ्ठी लिहून दिली असती.

पण मी उपकरण निवडून देते तेव्हा रुग्णाला ते काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायला लावते. कामाचा जो भाग आपण गृहीत धरतो, नेमके तिथेच घोडे पेंड खाते. केंद्रात तीन फुटांची एक लाकडी फळी होती. तिच्या मागच्या टोकाला उशी बांधून खांद्याला टेकेल असा दस्ता केला आणि पुढच्या टोकाला वाळूच्या वजनपिशव्या गुंडाळून एकूण वजन साडेतीन किलो केले, कारण शिकारीचे क्रॉसबो साधारण तेवढे भरतात आणि पुढे जड असतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील एकादशीचा चौकोन हे लक्ष्य ठरले. बहिणीला हसू आवरले नाही.

काकांनी डाव्या हाताने फळी खालून धरली आणि नेम साधला. त्यांच्या अंगठ्याकडे पाहताना मला कागदपत्रांतील ती ओळ आठवली. क्रॉसबोची दोरी सुटते तेव्हा ती दस्त्याच्या वरच्या पृष्ठभागाला घासत पुढे जाते. खालून आधार देणाऱ्या हाताचा अंगठा तेवढ्यात कडेच्या वर आला असेल, तर दोरी तो कापून नेते. म्हणूनच चांगल्या क्रॉसबोंना दोन्ही बाजूंना आडवी संरक्षक कड असते. परंतु अंगठा कडेखाली आहे की वर, हे शेवटी माणसाला आपल्या त्वचेवरूनच कळत असते.

निरनिराळ्या जाडीच्या नायलॉन तंतूंनी मी त्यांच्या बोटांची चाचणी घेतली. अंगठ्याच्या पेराला ४.३१ क्रमांकापेक्षा बारीक एकही तंतू जाणवला नाही. निरोगी बोटाला २.८३ क्रमांकाचा, त्याहून बराच बारीक तंतूही कळतो. आकडा ऐकून काका म्हणाले, "पण मला अंगठा कुठे आहे ते कळते की." वाद घालण्यात अर्थ नव्हता. केंद्रातील गणपतीजवळचा कुंकवाचा करंडा घेतला आणि दोरी जिथून जाईल त्या फळीच्या वरच्या कडेवर बोटभर रुंदीचा पट्टा ओढला. दहा वेळा फळी उचला, नेम धरा, तीनपर्यंत मोजा, खाली ठेवा, एवढेच सांगितले. पहिल्या पाच वेळा त्यांचे लक्ष हातावर होते आणि अंगठा कोरडा राहिला. पुढच्या पाच वेळा मी मुद्दाम एकादशीच्या पुढे-मागे तारखा सांगत गेले, म्हणजे त्यांचे डोळे भिंतीवर राहिले. फळी खाली ठेवल्यावर मी त्यांचा हात उलटा केला. अंगठ्याचे पेर लालभडक झाले होते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. काकांनी अंगठा रुमालाला पुसला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "मला काहीच लागले नाही." त्यांना काहीच लागले नव्हते, यातच सगळी अडचण होती.

"हे करू नका" म्हणण्याच्या मी अगदी जवळ आले होते. बधिर हाताला सवय लावून भरवसा ठेवावा, असे मी कोणत्याच यंत्राबाबत सांगत नाही, मग ते घरघंटी असो वा शिलाईचे मशीन. पण मग प्रश्न उलटा करून पाहिला. डावा हात तिथे हवाच कशाला? व्यायामाच्या चित्रफिती काढण्यासाठी केंद्रात कॅमेऱ्याचा तिपायी स्टँड आहे. त्याच्या डोक्यावर फळीचा पुढचा भाग पट्ट्याने पक्का बांधला आणि डावा हात मागे, उशीखाली, उजव्या काखेच्या दिशेने ठेवायला सांगितला. फळी स्थिर राहिली, साडेतीन किलोंचा भार खांद्यावरून उतरला आणि दहाच्या दहा वेळा अंगठा स्वच्छ निघाला. यासाठी मात्र जमिनीवरच्या आडोशात, खुर्ची टाकून बसायला हवे. झाडावरच्या मचाणाचा विषय मी तिथेच बंद केला. एवढ्या साऱ्या चर्चेत काकांना खरे दुःख झाले ते याचेच, आणि त्यांनी त्यावर माझ्याशी पाऊण तास वाद घातला.

शेवटचा प्रश्न मी जाता जाता विचारला. "आडोशात बसून उठलात आणि बाण सोडलाच नाही, तर ताणलेल्या दोरीचे काय करता?"

ताणलेली दोरी बाणाशिवाय सोडता येत नाही. तशी सोडली तर तिचा सगळा जोर धनुष्यातच जिरतो आणि पाती तडकतात. ते टाळण्यासाठी चांगल्या क्रॉसबोत बाण नसल्यास घोडा अडवणारी कळ असते. त्यामुळे बरेच शिकारी परतताना एक बोथट बाण जमिनीत किंवा फोमच्या ठोकळ्यात सोडून ताण उतरवतात. अंधारात, थकलेल्या अवस्थेत, उभ्याने, क्रॉसबो खाली रोखून, आणि अर्थातच डाव्या हाताने पुढचा भाग धरून! वीस वेळा बसलो तर बाण एखाद-दोन वेळाच सुटतो, असे काकांनीच सांगितले. म्हणजे ज्या क्षणासाठी ते वेग मोजत होते तो वीस वेळांत एखाद-दोनदा येणार होता, आणि हा दुसरा क्षण निदान अठरा वेळा.

आता निवड करायला फारसे उरलेच नव्हते. दोन चरख्यांपैकी एक फक्त दोरी ओढणारी होती. दुसरी उलट फिरवून ताण सावकाश उतरवताही येत होता. हा क्रॉसबो तिघांत सर्वांत जड, वेगात मागे आणि किमतीत पुढे होता. वजन तिपायी पेलणार होती, आणि तीस यार्डांच्या पुढे आपण कधी बाण सोडलाच नाही असे काका स्वतःच म्हणाल्यामुळे वेगाचा आग्रहही गळून पडला. किमतीबद्दल बहिणीने काही विचारण्याआधी त्यांनी फोन खिशात ठेवला.

चिठ्ठीत मी मॉडेलचे नाव लिहिले नाही, अटी लिहिल्या. दुकानात हँडल कोणत्या हाताने फिरते ते पाहावे. मध्येच हँडल सुटले तर ते जागीच थांबते की गरगर फिरते, याचे प्रात्यक्षिक दुकानदाराकडून करून घ्यावे, कारण जुन्या धाटणीच्या काही चरख्यांची सुटलेली हँडले मनगटावर बसत. अंगठ्याची संरक्षक कड रुंद असावी. तिपायीला पक्का जोडणारा शिकंजा आधी घ्यावा आणि क्रॉसबो नंतर. पहिल्या दहा सरावांना कोणीतरी शेजारी असावे आणि त्याने फक्त डाव्या हाताकडे पाहावे.

एप्रिलमध्ये काका परत गेले. कुंकू लागलेली ती फळी मी पुसली, पण लाकडाच्या रेषांत शिरलेला रंग अजून आहे. ऑक्टोबरमध्ये एका रात्री त्यांचा फोन आला. तीन संध्याकाळी आडोशात बसलो, एक मादी आणि दोन पिल्ले दिसली, बाण सोडला नाही, तिन्ही वेळा चरखीने ताण उतरवून घरी आलो, असे त्यांनी सविस्तर सांगितले. मी विचारले, "आणि डावा हात कुठे होता?"

"मांडीखाली," काका म्हणाले, "बसलोच होतो त्याच्यावर."