नागपूरहून एका दिवसात ताडोबा : सकाळी कोलारा, दुपारी मदनापूर

ताडोबाला जायचे तर निदान दोन रात्रींचा मुक्काम हवा, असे जाणकार सांगतात आणि त्यात खोटे काही नाही. पण कामानिमित्त किंवा लग्नकार्यासाठी नागपूरला आलेल्या माणसाच्या हाती बहुधा एकच मोकळा दिवस असतो, आणि तेवढ्यात वाघाचे जंगल पाहून परतता येते का, हा त्याचा प्रश्न असतो. एप्रिलच्या मध्यावर आम्ही चौघांनी नागपुरातल्या एका पर्यटन व्यावसायिकामार्फत अशी एकदिवसीय सहल केली. तिच्या आधारे सांगायचे तर हे नक्कीच जमते. मात्र सहलीत सकाळ आणि दुपार अशा दोन्ही फेऱ्या असल्या पाहिजेत, आणि जंगलात गाडी सतत पळत राहावी हा हट्ट नागपुरातच सोडून यायला हवा.

आधी प्रवेशद्वाराविषयी. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे आहे, आणि त्याच्या भोवती अकराशे चौरस किलोमीटरचा बफर, म्हणजे संरक्षक पट्टा, पसरलेला आहे. गाभ्यात शिरण्यासाठी मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही प्रवेशद्वारे आहेत. नाव सर्वांत जास्त मोहर्लीचे घेतले जाते, आणि चंद्रपूरहून येणाऱ्याला ते तीसेक किलोमीटरवर असल्याने सोयीचेही पडते. पण नागपूरहून एका दिवसात जाऊन यायचे असेल तर उमरेड, भिसी, चिमूर या मार्गाने कोलारा गाठणे केव्हाही शहाणपणाचे. मोहर्लीपेक्षा अंतर बरेच कमी भरते, आणि पहाटेच्या वेळी वाचलेला प्रत्येक अर्धा तास मोलाचा असतो. परवाना त्या-त्या प्रवेशद्वारापुरताच असतो, त्यामुळे मोहर्लीचा परवाना घेऊन कोलाऱ्याला पोहोचलात तर आत सोडत नाहीत. नागपूरचे काही सहल आयोजक ‘ताडोबा सफारी’ एवढेच लिहून पैसे घेतात आणि प्रत्यक्षात बफरमधले एखादे फाटक देतात. बफर वाईट नसतो, त्याविषयी पुढे येईलच. पण आपण कशाचे पैसे देत आहोत हे आधी लेखी विचारून घ्यावे.

परवाना वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः काढता येतो, आणि आयोजकाकडे फक्त गाडी व जेवणाची व्यवस्था सोपवता येते. खर्चाच्या दृष्टीने हाच मार्ग बरा. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड अशी मर्यादा असते. शनिवार-रविवारचे दर इतर दिवसांपेक्षा चढे असतात आणि उन्हाळ्यातल्या तारखा फार आधी भरतात. परवान्यावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळलेच पाहिजे, आणि ओळखपत्र मूळच सोबत असावे. आमच्या पुढच्या गाडीतील एका गृहस्थांकडे आधार कार्डाची केवळ छायाप्रत होती. त्यांची विनवणी चालू असताना इतर गाड्या एकेक करून आत गेल्या आणि त्यांच्या सोबत्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

नागपूरहून पहाटे दोनच्या सुमारास निघालो आणि उजाडण्यापूर्वी फाटकावर पोहोचलो. मोबाइल आत नेता येत नाही, ही गोष्ट आमच्या आयोजकाने सांगितली नव्हती, आणि फोटो मोबाइलवरच काढू असे ठरवून आलेल्या दोघांचा त्यामुळे हिरमोड झाला. फोटोंची हौस असेल तर साधा का होईना, कॅमेरा आणावा. मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याला वेगळे शुल्क पडते. गाइड आणि जिप्सी पाळीने मिळतात, त्यामुळे अमुकच गाइड द्या असा आग्रह चालत नाही. आम्हाला जवळच्याच गावातल्या एक ताई मिळाल्या. गाडी सुटण्याआधीच त्यांनी विचारले, “वाघच पाहायचा आहे, की जंगल पण पाहाल जी?” दोन्ही, असे आम्ही सांगितले. “मग मी थांबा म्हणीन तेव्हा बोलायचं नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

एप्रिलमधले ताडोबा हिरवे नसते, हे पहिल्यांदा येणाऱ्याने मनात पक्के करून यावे. सागाची पाने गळून रस्त्याकडेला त्यांचा कुरकुरीत थर साचलेला असतो, बांबू पिवळा पडलेला असतो, आणि मगरीच्या पाठीसारख्या खवल्याखवल्यांच्या सालीचा ऐन तेवढा लांबूनही ओळखू येतो. पण ही पानगळच वाघ पाहणाऱ्याच्या पथ्यावर पडते. झाडोरा विरळ झाल्याने नजर आत खोलवर पोहोचते आणि ओढे आटल्यामुळे जनावरे उरलेल्या पाणवठ्यांकडे वळतात. ऑक्टोबरमध्ये याच रस्त्याच्या कडेला दहा फुटांवर वाघ बसलेला असला तरी गवतामुळे दिसणार नाही. तेव्हाचे जंगल देखणे असते, यात शंका नाही. पण हाती एकच दिवस असेल आणि वाघ पाहण्याची इच्छा असेल तर मार्च ते मेचा काळ निवडावा, आणि उन्हाची तयारी ठेवावी. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो.

पहिला तास आम्ही नुसतेच फिरलो. जामणीच्या कुरणावर चितळांचा मोठा कळप होता. इथे पूर्वी गाव होते. जामणी आणि नवेगाव या गावांचे पुनर्वसन झाले आणि त्यांच्या शेतांच्या जागी आज कुरणे आहेत. तृणभक्षी प्राणी वाढले की वाघ टिकतो, हे पुस्तकी वाक्य इथे डोळ्यांनी पाहता येते. धुळीच्या रस्त्यावर एके ठिकाणी ताईंनी गाडी थांबवून ताजा माग दाखवला. नराचा पंजा चौकोनी आणि मादीचा काहीसा लांबट उमटतो. हा मादीचा होता, आणि त्यावरून अद्याप कोणत्याही गाडीचे चाक गेलेले नव्हते, म्हणजे ती थोड्याच वेळापूर्वी इथून गेली होती.

यापुढचा भाग मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण एकदिवसीय सहलीचे यशापयश बरेचसे इथेच ठरते. माग रस्त्यावरून उतरून नाल्याकडे गेला होता. आमच्या मागून आलेल्या दोन जिप्सी क्षणभर थांबल्या आणि पुढच्या पाणवठ्याकडे वेगाने निघून गेल्या. ताईंनी मात्र चालकाला गाडी वळणावर, सावलीत, इंजिन बंद करून लावायला सांगितली. दहा-पंधरा मिनिटे काहीच घडले नाही. आमच्यापैकी एकाने पुढे जाऊ या असे सुचवलेही, पण त्यांनी हातानेच नकार दिला. मग उंच झाडावरच्या वानराने खोकल्यासारखा आवाज काढला, आणि पाठोपाठ चितळाची तीक्ष्ण शीळ आली. गाइड मंडळी याला ‘कॉल’ म्हणतात. वानराचा कॉल बिबट्यालाही असू शकतो, आणि चितळ कधी कधी नुसत्या संशयानेही ओरडते. पण सांबर सहसा उगीच ओरडत नाही. थोड्या वेळाने नाल्यातून सांबराचा जाड, ठणकावल्यासारखा आवाज आला, तशी ताईंनी गाडी जेमतेम पन्नास पावले मागे घ्यायला लावली. नाल्यात जिथे थोडे पाणी शिल्लक होते तिथे आता सरळ नजर जात होती.

वाघीण बांबूच्या बेटातून बाहेर आली ती कसलीही घाई न करता. पाण्याच्या काठाशी येऊन तिने एकदा आमच्याकडे पाहिले, मग वळली आणि पाठमोरी, मागचे पाय आधी टाकत, हळूहळू पाण्यात उतरून बसली. वाघ पुष्कळदा असाच उलटा पाण्यात शिरतो, हे मी वाचले होते. प्रत्यक्षात पाहताना लक्षात राहिले ते कानांच्या मागचे दोन पांढरे ठिपके, कारण ती बसल्यावर आमच्याकडे तेवढेच होते. माशा वारताना कान हलले की ते ठिपकेही हलत. कमरेपर्यंत पाण्यात बसून ती डुलक्या घेऊ लागली आणि आम्ही जवळपास वीस मिनिटे तिची पाठ पाहत बसलो.

तोपर्यंत बातमी पसरली होती. पुढे गेलेल्या जिप्सी परतल्या, आणखी काही आल्या, आणि ज्यांना जागा मिळाली नाही ते चालकांना गाडी आणखी पुढे घ्या म्हणून दटावू लागले. ताईंनी आमची गाडी आपणहून मागे घेतली, त्याचे मला कौतुक वाटले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अशा प्रकरणात गाइड आणि चालकांवर कारवाई होते. ज्यांच्या आग्रहापायी गाडी पुढे जाते ते पर्यटक बहुधा घरी पोहोचलेले असतात. म्हणून ‘अजून थोडे जवळ’ हे शब्द आपण उच्चारूच नयेत. बक्षिसाचे आमिष सफारीच्या सुरुवातीला दाखवणे हाही दबावाचाच प्रकार आहे. द्यायचे ते शेवटी, आणि वाघ दिसो न दिसो, द्यावे.

परतीच्या वाटेवर ताडोबा तलाव पाहिला. तलावात मगरी आहेत. काठावर तारू या गोंड वीराचे देवस्थान आहे. वाघाशी झुंजताना त्याला मरण आले आणि त्याच्याच नावावरून या जंगलाला ताडोबा म्हणतात, अशी आख्यायिका आहे. गाडीतून फक्त नेमून दिलेल्या जागीच उतरता येते, स्वच्छतागृहाची सोयही तिथेच असते. लहान मुले किंवा वडीलधारी सोबत असतील तर ही गोष्ट फाटकावरच गाइडला सांगून ठेवावी.

सकाळची फेरी साधारण चार तासांची. त्यानंतर दुपारच्या फेरीपर्यंतचा वेळ हा एकदिवसीय सहलीतला सर्वांत अवघड भाग असतो, कारण ऊन रणरणत असते आणि रात्रीची झोप झालेली नसते. आयोजकाकडून काही मागून घ्यायचेच असेल तर कोलाऱ्याजवळ चार तासांसाठी पंखा असलेली खोली मागावी. आमच्या पॅकेजात फक्त जेवण होते. वरण-भात, पोळी आणि वांग्याची भाजी उत्तम होती. पण त्यानंतर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पेंगण्यात दुपार गेली.

दुपारी मदनापूर फाटकातून बफरमध्ये गेलो. इथे वाघ दिसला नाही, माग तेवढा दिसला. तरीही ही फेरी टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाड्या कमी होत्या, गाइडला सवड होती, आणि रानकुत्र्यांची एक टोळी रस्त्याच्या मधोमध लोळत पडलेली आम्हाला निवांत पाहता आली. गावे, शेते आणि जंगल इथे एकमेकांत मिसळलेली आहेत. मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला माणसे पहाटे याच जंगलात शिरतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात त्यातल्या काहींचा वाघाच्या हल्ल्यात जीव जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर गणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा गाभा क्षेत्रातच वाघिणीने बळी घेतला. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला, तेव्हा त्या आकड्याचे आपण शहरात कौतुक केले. बफरमधल्या गावाला त्याचा अर्थ रोज उमगत असतो. आमचा दुपारचा गाइड अशाच एका गावचा होता. त्याच्या घरची दोन जनावरे वाघाने मारली होती, आणि घर चालते तेही गाइडच्या कामावर. हे तो तक्रारीच्या सुरात नव्हे, हिशेब सांगावा तसे सांगत होता.

सोबत काय न्यावे, तर कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, आणि तोंडावर बांधायला पंचा किंवा ओढणी, कारण पुढच्या गाडीची धूळ चुकत नाही. प्लास्टिकची बाटली नेऊ नये. स्टीलच्या दोन बाटल्या प्रत्येकी कमीच पडतात. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी कानटोपी आणि हातमोजे घ्यावेत, उघड्या जिप्सीत पहाटेची थंडी हाडांत शिरते. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी मागचे, चाकावरचे आसन घेऊ नये. दुर्बीण असेल तर कॅमेऱ्याआधी ती भरावी. नवरंग, सर्पगरुड, धनेश यांसाठी तीच कामाला येते.

गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यातही बंद असते. त्या काळात बफरची काही फाटके उघडी असतात, पण रस्ते चिखलाचे असल्याने आदल्या दिवशी चौकशी करूनच निघावे. परतताना रात्री उमरेड रस्त्यावर कोळशाचे ट्रक बरेच असतात, तेव्हा दोन फेऱ्या करून थकलेल्या आपल्यातल्याच कोणी गाडी चालवण्यापेक्षा दुपारभर झोपलेला चालक ठरवावा, आणि नागपूरहून पुढची रेल्वे किंवा विमान असेल तर ते रात्री अकराच्या आधीचे घेऊ नये.