स्टीव्हिया घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा प्लीज

डायबिटीस असलेल्यांना साखरेऐवजी वापरायच्या स्टीव्हियाबद्दल ‘नॅचरल आहे, बिनधास्त खा’ असं कोणी सांगितलं की मला खरंच काळजी वाटते, कारण मध पण नॅचरलच आहे आणि अगावे सिरप (अगावे नावाच्या झाडाचा गोड पाक) पण, आणि मधाने शुगर वाढतेच. अगावेने लगेच तेवढी वाढत नाही, पण त्यात बहुतेक फ्रुक्टोज असतं आणि ते जास्त झालं की लिव्हरवर ताण येतो.

स्टीव्हियाचं वेगळं आहे. पॅराग्वे-ब्राझीलकडची ही वनस्पती, तिथले ग्वारानी लोक तिची पानं कित्येक पिढ्या वापरत आलेत. पानातले स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड्स, म्हणजे त्यातली गोड द्रव्यं, साखरेपेक्षा २०० ते ३०० पट गोड, त्यामुळे लागतात अगदी चिमूटभर आणि त्यांचं शरीरात ग्लुकोज होत नाही म्हणून शुगर चढत नाही. माँक फ्रूट नावाच्या चिनी फळातली गोड द्रव्यं, मोग्रोसाइड्स, पण तशीच.

पण एवढं गोड द्रव्य चमच्याने मोजता येत नाही ना, मग कंपन्या त्यात काहीतरी भर घालतात आणि कधी कधी ती भर म्हणजे डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) असते, जे थेट शुगर वाढवतं! एका पुडीने फार नाही होणार, पण दिवसभर टाकत राहिलात तर फरक पडतो.

२०२३ मध्ये डब्ल्यूएचओने वजन कमी करायला असे स्वीटनर वापरू नका असं सांगितलं, त्यात स्टीव्हियासुद्धा आलं. ती सूचना आधीपासून डायबिटीस असलेल्यांसाठी नव्हती, हे मात्र फॉरवर्ड होताना गळून जातं. आणि इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर साखर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला, डोस तोच राहिला तर शुगर लो होऊ शकते.