तहसीलदार का होत नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मामांनी लग्नाच्या पंगतीत विचारलं, घरमालकीणबाईंनी भाडं मोजून घेताना विचारलं, परवा एसटीत शेजारी बसलेल्या सरांनीही विचारलं: "लोकसेवा म्हणतेस, मानवी हक्क म्हणतेस, मग एमपीएससी का देत नाहीस? तहसीलदार हो, म्हणजे खरं काम करता येईल." दर वेळी मी "बघू" म्हणून विषय बदलते. आज बदलत नाही.

आधी एक कबूल करून टाकते. बीए झाल्यावर राज्यसेवा पूर्व दिली होती. नापास झाले. तेव्हा कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, थोडं खरंही आहे ते.

लॉच्या पहिल्या वर्षी एका शिष्यवृत्तीसाठी 'माझे ध्येय' असा निबंध लिहायचा होता. मी लिहिलं, 'वंचितांचा आवाज बनणे'. ती मुलगी आज भेटली तर विचारीन, बाई, वंचितांना आवाज नाही हे तुला कुणी सांगितलं? माझी आजी आठवडी बाजारात "विळं, खुरपी घ्याऽऽ" म्हणून ओरडली की बाजाराच्या दुसऱ्या टोकाची म्हैस वळून बघायची.

आम्ही घिसाडी, गावोगाव फिरून लोखंडाची अवजारं घडवणारी भटकी जमात, हे तुम्हाला माहीत आहे. कागदाला माहीत नव्हतं. भटक्या जमातीचा दाखला हवा तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा मागतात. आज्जा त्या साली कुठल्या गावाच्या वेशीवर भाता लावून बसला होता, देव जाणे. शाळा त्याने बाहेरूनच बघितली. आण्णा चौथीपर्यंत शिकले, पण नाव घालणाऱ्या मास्तरांनी रजिस्टरात 'हिंदू लोहार' लिहून टाकलं. ती वेगळी जात, वेगळ्या यादीतली. मास्तरांवर राग धरवत नाही. आज्जाच्या हातात घण दिसला, त्यांनी लोहार लिहिलं. माझं बारावीनंतरचं शिक्षण मग खुल्या गटातून झालं, पूर्ण फी भरून.

धाकट्याच्या वेळी मात्र आण्णा हट्टाला पेटले. डिप्लोमाचा प्रवेश होता. सेतूतून, म्हणजे सरकारी दाखल्यांच्या अर्ज केंद्रातून, तीनदा अर्ज केला, तीनदा 'त्रुटी' म्हणून कागदांचा बंच परत आला. चौथ्या वेळी मी बरोबर गेले. लॉचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं.

टेबलामागच्या कारकून भाऊसाहेबांनी कागद चाळले. "1961 आधीचं काहीच नाही. मग घिसाडी कशावरून?" आण्णा म्हणाले, "साहेब, गावात विचारा." भाऊसाहेब खुर्चीत मागे रेलले. "तुमची बोली वेगळी असते ना? बोलून दाखवा बघू."

मागे सात-आठ माणसं उभी होती. त्यातले दोघे आमच्या गल्लीतले. आण्णांनी वीस वर्षं ती बोली उंबऱ्याच्या आत ठेवली होती. तालुक्याला भाड्याची खोली मिळाली तीसुद्धा 'लोहार' म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे बघत हळू आवाजात दोन वाक्यं बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही, ते घरचं आहे. भाऊसाहेब हसले. "हे तर गुजराती वाटतंय."

माझं डोकं फिरलं. 10 डिसेंबरला कॉलेजात मानवी हक्क दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तेच भाषण मी तिथे सुरू केलं. संविधानाचं कलम 21, जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं सहावं कलम, कायद्यापुढे व्यक्ती म्हणून ओळखलं जाण्याचा प्रत्येकाचा हक्क. आवाज चिरकत होता. रांगेतला एक जण मोबाइल वर धरून उभा होता. भाऊसाहेब शांतपणे पुढच्या माणसाचे कागद बघायला लागले. आणि आण्णांनी हात जोडले. त्यांना. "साहेब, पोरगी शिकती आहे. तिचं मनावर घेऊ नका."

स्टँडवर आण्णांनी मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही. एसटीत दोघंही गप्प.

बरेच दिवस मला त्या जोडलेल्या हातांचा राग होता. नंतर वर्गात अपिलाची प्रकरणं शिकताना कानाखाली बसल्यासारखं झालं. मी जगाचे जाहीरनामे म्हणून दाखवले, पण एक साधी गोष्ट मागितली नाही: नकार लेखी द्या. लेखी नकार असला की वर अपिलात जाता येतं. आम्हाला चारही वेळा "नाही" असं कुणी म्हटलंच नव्हतं. नुसते कागद परत. आण्णा निदान माणसाशी बोलत होते. मी कुणाशी बोलत होते?

मग मी पोच घ्यायला शिकले. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्का. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात विचारलं, आमच्या अर्जाचं काय झालं. उत्तराला 30 दिवस. माझं ध्येय म्हणाल तर हे एवढं आहे: टेबलाच्या अलीकडे, अर्जदाराशेजारी उभं राहून "पोच द्या, नकार लेखी द्या" म्हणणं. निबंधात हे लिहिलं असतं तर शिष्यवृत्ती मिळाली नसती.

आता तुमच्या बाजूचं सांगते, नाहीतर म्हणाल लपवलं. दाखला शेवटी नव्या प्रांतमॅडमनी, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांनी, दिला. तलाठ्याला घेऊन स्वतः घरी आल्या, आज्जाची ऐरण बघितली, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. एका सकाळीत काम झालं. माझ्या अर्जामुळे फाईल वर आली की मॅडम मुळात तशा होत्या, मला आजही सांगता येत नाही. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. धाकटा ते वर्षभर गॅरेजवर पंक्चर काढत होता. अजूनही मध्येच विचारतो, "ताई, तू तेव्हा भांडली नसतीस तर?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणजे खुर्चीच कामाला आली, असं तुम्ही म्हणणार. मीही रात्री स्वतःला तेच म्हणते. मग आठवतं, मॅडमची बदली झाली आणि त्याच कार्यालयातून माझ्या चुलतभावाचा बंच परत आला. आमच्याच कुळातला, आमचाच दाखला पुरावा म्हणून जोडलेला, तरी त्रुटी. मी तिथे असते तर तीन वर्षांनी माझीही बदली झाली असती. पण ती तीन वर्षं? त्या तीन वर्षांत किती घरांचे दाखले झाले असते?

चुलतभावाला फोनवर सांगितलं, पोच घे. तो म्हणाला, "घेतली. आता पुढं काय?"

राज्यसेवेचा फॉर्म सुटलाय. मामा, तुम्हाला सांगितलं नव्हतं, मी तो अर्धा भरून ठेवलाय. प्रवर्गापुढे पहिल्यांदाच 'भज-ब', म्हणजे भटक्या जमाती (ब), निवडता आलं. पुढे नॉन-क्रीमीलेयरचा, म्हणजे घर सधन गटात मोडत नसल्याचा, दाखला मागतात, तो नाही. सोमवारी सेतूत जायचंय. आण्णा म्हणतात, मीही येतो.