विधेयक नेमकं कुठे अडतं?

अमेरिकेत ख्रिस्ती किशोरांना राज्याच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, नेऊन अभिरूप विधिमंडळ चालवायला शिकवणाऱ्या उपक्रमांत ‘टीनपॅक्ट’ प्रसिद्ध आहे. तो १९९४ साली जॉर्जियात सुरू झाला. (वायएमसीएचा असाच उपक्रम त्याहून जुना, १९३६चा.)

अशा विधिमंडळासाठी विधेयक लिहिताना पहिली गफलत विषय निवडतानाच होते. राज्याच्या विधिमंडळात चलनाचं किंवा व्हिसाचं विधेयक आणून उपयोग नाही. तो अधिकार संघराज्याचा. एका पानात मावेल असा विषय घ्या. शीर्षक, व्याख्या, मुख्य तरतूद, अंमलबजावणी कोणाकडे, दंड किती, कायदा लागू कधी. यातली अंमलबजावणी हमखास राहते आणि विरोधक नेमकं तिथेच बोट ठेवतात: पैसा कुठून आणणार?

दुसरी अडचण जास्त नाजूक. बायबलमधलं वचन तुमच्या भूमिकेचं मूळ असेलही, पण कायद्याचं कारण म्हणून तेवढंच दिलंत तर १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीचा (सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, असं ती सांगते) मुद्दा निघणारच. तीच गोष्ट सुरक्षितता, खर्च, हक्क या भाषेत मांडा. जमत नसेल, तर विधेयक अजून कच्चं आहे.

सभागृहात बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. दुरुस्तीला अनुमोदक लागतो, चर्चा बंद करायला रूढ संसदीय नियमांनुसार दोन तृतीयांश मतं. दुरुस्ती लेखीच द्या. तोंडी दिली, की मतदानाच्या वेळी नेमके शब्द कोणालाच आठवत नाहीत. एका सभागृहात मंजूर झालेलं विधेयक दुसऱ्यात पडू शकतं. नेब्रास्का राज्यात मात्र ही धास्ती नाही, तिथे सभागृहच एक!